आपल्या रायफलला मानवणारा छर्रा कसा शोधावा: नाशिकच्या नव्या एअर रायफल नेमबाजांसाठी

नेमबाजीत नव्याने आलेल्या मुलांचा, आणि त्यांच्याहून जास्त उत्साही असलेल्या त्यांच्या वडिलांचा, एक प्रश्न ठरलेला असतो. परदेशातले व्हिडिओ बघून झालेले असतात. तिकडचा शिकारी गॅरेजमध्ये बसून काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करतो, तिच्यात तोलून दारू भरतो, वर गोळी दाबून बसवतो आणि आपल्याच रायफलसाठी घडवलेलं ते काडतूस घेऊन लांबचा नेम साधतो. हे सगळं सामान नाशकात कुठे मिळेल, असं विचारतात.

मिळणार नाही, आणि शोधायच्या भानगडीत पडूही नका. शिकारीचा विषय आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. काडतूस बनवणं हे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ‘उत्पादन’ धरलं जातं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. दारू, प्रायमर, पुंगळ्या यांच्या चौकशा करत फिरलात तर दुकानदाराआधी पोलीस तुमची चौकशी करतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

पण त्या शिकाऱ्याच्या खटाटोपात एक गोष्ट खरी आहे: प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ती आवड कळली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा घोळका, लहान होतो. एअर रायफलमध्ये दारू नाही, पुंगळी नाही. आपल्या हातात येतो तो फक्त छर्रा. त्यामुळे त्याची निवड, तपासणी आणि चाचणी एवढंच आपलं ‘हँडलोडिंग’, म्हणजे हाताने काडतूस भरणं. ५० मीटरवाले मोठे नेमबाजही याहून वेगळं काही करत नाहीत. त्यांच्या पॉइंट टू टू (.२२ इंची) काडतुसात कोणी ढवळाढवळ करत नाही. रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, एकामागून एक लॉट (एका खेपेत बनलेला माल) मारून बघतात आणि जो जमला तो उचलतात. लापुआ या काडतूस कंपनीचं असं केंद्र जर्मनीत शोनेबेकला आहे. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं ती ५० मीटर थ्री पोझिशनची स्पर्धा, म्हणजे याच जातीची. आपण १० मीटरवर, छर्‍यांच्या डब्या घेऊन, तेच काम लहान प्रमाणात करायचं.

किती फायदा होणार, हे आधी समजून घ्या

हा हिशोब सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. नऊचं वर्तुळ ५.५ मिमी, आणि पुढे प्रत्येक वर्तुळ ५ मिमीने मोठं. छर्रा ४.५ मिमीचा. दशांश गुणांत छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडलं तर १०.९, आणि तिथून प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. अडीच मिलिमीटर चुकलं की १०.०. पाच मिलिमीटर चुकलं की ९.०.

आता समजा एक नेमबाज ६० फैरींत ६०० करतो, म्हणजे सरासरी १०.०. त्याचा हात सरासरी अडीच मिलिमीटर चुकतो. त्याला एक चांगला छर्रा दिला, जो शिकंज्यात पकडलेल्या रायफलमधून दहा फैरींत केंद्र ते केंद्र १.६ मिमीचा ग्रुप देतो. छर्‍याची चूक आणि हाताची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. त्यामुळे या छर्‍यापायी त्याचं पूर्ण मॅचमध्ये नुकसान होतं साधारण सव्वा गुणाचं. वाईट छर्रा दिला, ५ मिमीचा ग्रुप देणारा, तर नुकसान जातं बारा गुणांच्या आसपास. बारा गुण म्हणजे राज्य स्पर्धेत नाव वरच्या पानावर की खालच्या, एवढा फरक.

हाच हिशोब ५४० मारणाऱ्या नवख्याला लावला तर चांगल्या छर्‍याने जातो पाऊण गुणापेक्षा कमी, आणि वाईटाने सहा-सात.

यातून काय घ्यायचं? वाईट छर्रा टाळा. सर्वोत्तमाच्या मागे लागू नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. १.६ मिमीचा छर्रा सापडला की १.३च्या शोधात पैसे घालण्यापेक्षा ते रेंजच्या फीला वापरलेले बरे. पण चाचणी करायची ती आणखी एका कारणासाठी: आठ पडला तर तो आपला आहे, छर्‍याचा नाही, हे ठामपणे माहीत असावं म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, हा नेमबाजीतला सगळ्यात जुना रोग. खेळाडूच्या मनाचा विचार केलेले क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम याच शहरात राहत होते. त्यांच्या गावच्या मुलांनी तरी छर्‍यावर खापर फोडण्याआधी तो मोजलेला असावा.

आधी रायफल बघा

डगमगत्या रायफलवर छर्‍याची चाचणी करणं म्हणजे वेळ आणि छर्रे दोन्ही वाया.

स्टॉकचे स्क्रू, डायॉप्टरचा (मागच्या साइटचा) स्क्रू, पुढच्या साइटचा स्क्रू: सगळे हाताने हलवून बघा आणि योग्य ॲलन कीने बेताने कसा. नळी बरीच वापरलेली असेल तर फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे भलतीकडे जातात, ते मोजायचे नाहीत.

सिलिंडरवाली रायफल असेल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. मॅच रायफलच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षं धरली जाते, आणि स्पर्धेत उपकरण तपासणीला ती तारीख बघतात. जुनी रायफल स्वस्तात घेतली आणि सिलिंडरची मुदत संपलेली निघाली, हा प्रकार नवा नाही. भरायची ती फक्त कोरडी स्वच्छ हवा, रायफलला सांगितलेल्या दाबापर्यंतच. ऑक्सिजन कधीही नाही. सातपूर-अंबडला वेल्डिंगच्या ऑक्सिजनच्या नळकांड्या गल्लोगल्ली दिसतात आणि कोणीतरी शहाणा ‘गॅस तो गॅस’ म्हणून सुचवतोच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल किंवा ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो.

स्प्रिंगची रायफल असेल तर तिच्यात पिस्टन धडकतो, ती प्रत्येक फैरीला हलते. तिची चाचणी वेगळ्या पद्धतीने करायची. ते पुढे येईल.

कायद्याचंही एवढं लक्षात ठेवा: ४.५ मिमी, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण विकत घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. मॅच रायफल साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने ०.५३ ग्रॅमचा छर्रा फेकते, म्हणजे साडेसात-आठ जूल. मर्यादेच्या खूप आत. आणि परवाना लागत नाही म्हणून गंगापूरच्या बॅकवॉटरला किंवा नांदूरमध्यमेश्वरला पाखरांवर चालवलीत तर तो वन्यजीव कायद्याखालचा गुन्हाच आहे.

कोणत्या डब्या घ्यायच्या

चार प्रकार पुरे. सहापेक्षा जास्त घेऊ नका, गोंधळ वाढतो.

१० मीटरसाठी छर्रा सपाट तोंडाचाच, ज्याला वॉडकटर म्हणतात. तो कार्डावर गोल स्वच्छ भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजता येतात. टोकदार आणि गोल तोंडाचे छर्रे दुकानदार ‘जास्त पॉवर’ म्हणून पुढे करतात. आपल्या कामाचे नाहीत.

डबीवर तीन गोष्टी वाचायच्या. पहिली वजन: रायफलचे मॅच छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे आणि पिस्तुलाचे त्याहून हलके असतात. काही रायफलींना पिस्तुलाचे हलके छर्रे मानवतात, म्हणून एक डबी हलक्याची घ्यायला हरकत नाही. दुसरी डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे महागड्या डब्यांवर छापलेले असतात. शंभरावा हिस्सा मिलिमीटर हा फरक नळीला कळतो. तिसरी, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित, लॉट नंबर. आरडब्ल्यूएस आर टेन असो, एच अँड एन फिनाले मॅच असो की चिनी चियांग युआन, एकाच नावाचे दोन लॉट वेगवेगळे वागू शकतात. ‘आर टेन माझ्या रायफलला चालतो’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या व्यासाचा, कोणत्या लॉटचा, हे पुढे जोडलं तरच त्याला अर्थ.

मॅच छर्रे बहुतेक आयात होतात आणि महाग पडतात. त्यामुळे क्लबमधल्या चार जणांनी मिळून चार वेगवेगळ्या डब्या घ्यायच्या आणि प्रत्येकाने प्रत्येकीतून शे-सव्वाशे छर्रे वापरायचे. पाचशेच्या डबीत ते बसतं. शेजाऱ्याला जमलेली डबी आपल्यालाही जमेल असं मात्र धरून चालू नका, दोघांच्या रायफली एकाच कंपनीच्या असल्या तरी.

आणि सरावाचे स्वस्त छर्रे चाचणीत एक तरी ठेवा. कधी कधी ते दोन नंबरला येतात, आणि मग रोजच्या सरावाचा खर्च निम्म्यावर येतो.

डबी उघडल्यावर

पांढऱ्या कागदावर तीस-चाळीस छर्रे ओता आणि टेबल लॅम्पखाली एकेक उचलून बघा. बघायचा तो मागचा घेर, स्कर्ट. हाच भाग हवेच्या दाबाने फुलून नळीला घट्ट बसतो. घेर कुठे चेपलाय, कडेला शिशाचा बारीक कंगोरा राहिलाय, डोक्यावर ओरखडा आहे, आत शिशाची तूस अडकली आहे: असे छर्रे बाजूला. चाळीसांत एखादा निघणं चालतं. पाच-सहा निघाले तर डबी प्रवासात आपटली आहे किंवा माल हलका आहे. दुकानात डबी घेतानाच कानाशी हळूच हलवून बघायची सवय असू द्या. आत भरपूर खुळखुळत असेल तर दुसरी मागा.

व्हर्निअरने डोक्याचा व्यास मोजायला जाऊ नका. नाशकात निम्म्या घरांत कोणीतरी कंपनीत असतं आणि डिजिटल व्हर्निअर सहज मिळतो, म्हणून हा मोह होतोच. पण साध्या व्हर्निअरची स्वतःचीच चूक दोन-तीन शतांश मिलिमीटरची, आणि शिसं इतकं मऊ की जबडा टेकला की दबतं. जो फरक शोधायचाय त्याहून मोजमापाची चूक मोठी. डबीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवा आणि निकाल कागदावर बघा.

वजनाचं वेगळं आहे. वजन नीट करता येतं, फक्त काटा हजारावा हिस्सा ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, शंभराव्या हिश्श्याचाही अपुरा. सराफ बाजारात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या काट्यावर दुपारच्या निवांत वेळी तीस छर्रे तोलून मिळतात. पंखा बंद करायला सांगा. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचे दोन आकडे नाचत राहतात.

तीसच का? कारण आपण छर्रे निवडत नाही, डबी तपासतोय. ०.५३ ग्रॅमच्या छर्‍यात ०.०१ ग्रॅमचा फरक म्हणजे दोन टक्के. हवा तेवढाच जोर देते असं धरलं तर वेग सुमारे एक टक्का बदलतो. १० मीटर जाईपर्यंत छर्रा जवळपास १८ मिमी खाली येतो. वेगात एक टक्का फरक पडला की हा उतार ०.३५ मिमीने बदलतो, म्हणजे दीड दशांश गुण. तेव्हा तीस छर्रे ०.०१ ग्रॅमच्या पट्ट्यात बसले तर डबी चांगली, आणि अख्खी डबी तोलत बसायची गरज नाही. पट्टा याच्या दुप्पट निघाला तर तोलून गट पाडण्यापेक्षा डबी सरावाला टाका. पाचशे छर्रे एकेक करून तोलणारे लोक आहेत. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण त्या तीन-चार तासांत कोरा सराव (छर्रा न घालता) केला तर गुण जास्त वाढतात.

शिकंजा

रायफल खांद्याला लावून चाचणी केली तर नवख्याची चूक छर्‍याच्या चुकीच्या कित्येक पट असते, आणि कागदावर दिसतो तो फक्त नवखा. म्हणून रायफल पकडायला काहीतरी हवं.

इथे नाशिककर असल्याचा फायदा घ्या. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या लहान फॅब्रिकेशनवाल्याकडे जाड पाटावर दोन जबड्यांचा शिकंजा करून मिळतो. जबड्यांना आतून रबर किंवा चामडं लावायचं. पाट जड टेबलाला, जमलं तर भिंतीला लागून असलेल्या ओट्याला, सी क्लॅम्पने आवळायचा. खाली-वर आणि डावी-उजवीकडे सरकवायला प्रत्येकी एक बारीक आट्यांचा स्क्रू ठेवा, नाहीतर टार्गेटवर आणताना जीव जातो. फॅब्रिकेटरला शिकंजा रायफलसाठी आहे हे उगाच गूढ ठेवू नका. एअर रायफल आहे हे सांगून बिल दाखवा, म्हणजे शंका येत नाहीत.

पकडायची ती स्टॉकला किंवा मधल्या धातूच्या भागाला. नळीला नाही आणि सिलिंडरला तर अजिबात नाही. दोन्ही बाजूंनी सारखा दाब, आणि ट्रिगर दाबताना बोटाने रायफल हलत नाही ना, हे कोरी फैर करून बघायचं.

हा शिकंजा फक्त सिलिंडरवाल्या रायफलसाठी. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळली तर तिचा स्वभाव बदलतो, निकाल खोटा येतो आणि स्टॉकच्या स्क्रूंवर ताण येतो. तिला वाळूच्या मऊ पिशवीवर, दर वेळी त्याच जागी, सैल हाताने टेकवून मारायचं. ग्रुप मोठा येईल, पण दोन छर्‍यांमधली तुलना तरी खरी राहील.

एवढं काहीच जमत नसेल तर क्लबच्या सरांना विचारा. शिकंजा अनेकदा कपाटात पडलेला असतो आणि कोणी मागितला नाही म्हणून बाहेर आलेला नसतो.

फैरी

जागा बंदिस्त, १० मीटर मोजून. टार्गेटमागे पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) आणि त्यामागे भरीव भिंत, मधे कोणी येणार नाही अशी सोय, आणि डोळ्यांना चष्मा. सोसायटीची गच्ची हा पर्याय नाही. कठड्यावरून गेलेला छर्रा कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

पंखे बंद, दारं बंद. हिवाळ्यात सकाळी सहाला आणि दुपारी दोनला नाशकात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, निफाडकडे त्याहून जास्त. त्यामुळे एका छर्‍याची चाचणी सकाळी आणि दुसऱ्याची दुपारी असं करू नका. रायफल, डब्या आणि तुम्ही, सगळे त्या खोलीत तासभर आधी बसलेले असावेत.

क्रम असा. समजा छर्रे अ, ब, क, ड. आधी कोणत्याही छर्‍याच्या दहा फैरी, रायफल जागी बसावी म्हणून. मग अ-च्या पाच-सात फैरी कोऱ्या कागदावर, कारण नळीत आधीच्या छर्‍याचा शिशाचा लेप असतो. त्यानंतर अ-चा दहा फैरींचा ग्रुप नव्या कार्डावर. मग ब, तसंच. मग क, मग ड. दुसऱ्या फेरीत उलटं: ड, क, ब, अ. तिसरीत पुन्हा सुलट. अशा पाच फेऱ्या झाल्या की प्रत्येक छर्‍याचे पाच ग्रुप होतात. उलटसुलट करण्याचं कारण एवढंच की खोली तापत जाते, सिलिंडर उतरत जातो आणि त्याचा तोटा एकाच छर्‍याच्या माथी बसू नये. पाच फेऱ्या एका दिवसात उरकल्या पाहिजेत असं नाही, पण एक फेरी मधेच तोडू नका. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली जाऊ देऊ नका.

छर्रा नळीत बसवताना अंगठ्याने हलकेच, दर वेळी सारखा. तिरका बसला आणि स्कर्ट दुमडला असं वाटलं तर तो काढून टाका. फैर झाल्यावर मात्र मागे फिरायचं नाही. ‘हा एक बाहेर गेला, तो धरायला नको’ असं म्हणून जे लोक भोक वगळतात ते स्वतःलाच फसवतात. शिकंज्यात घट्ट धरलेल्या रायफलमधून बाहेर गेलेला छर्रा हाच तर चाचणीचा निकाल आहे, कारण स्पर्धेतही तो तसाच जाणार.

कार्डावर मागे लगेच लिहा: छर्रा, व्यास, लॉट, तारीख, वेळ, ग्रुप क्रमांक. नंतर लिहू म्हटलं की वीस कार्डं सारखीच दिसतात.

मोजणी

दहा फैरींचं एकच फाटकं भोक होतं, त्यामुळे केंद्रं दिसत नाहीत. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, जिथे सर्वात रुंद असेल तिथे व्हर्निअरने मोजा. मग त्याच कार्डाच्या कोपऱ्यात एकच छर्रा मारून त्या भोकाचा व्यास मोजा आणि वजा करा. सरळ ४.५ वजा करू नका, कारण कागद छर्‍यामागे थोडा मिटतो आणि भोक बऱ्याचदा ४.५ पेक्षा लहान भरतं. बाहेरून ६.० आणि एकेरी भोक ४.४, तर ग्रुप १.६ मिमी. क्लबमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ही सगळी कटकट वाचते, प्रत्येक फैरीची जागा आकड्यांत मिळते.

आता लोकांची जिथे हमखास फसगत होते ती जागा. तीन किंवा पाच फैरींचा ग्रुप नेहमी देखणा दिसतो. तोच छर्रा, तीच रायफल, पण पाचाऐवजी दहा फैरी मारल्या की ग्रुप सरासरी पाव पटीने मोठा होतो, कारण जास्त फैरींत टोकाची चूक सापडायची शक्यता वाढते. म्हणजे कोणी व्हॉट्सॲपवर पाच फैरींचा फोटो टाकून ‘बघा माझा छर्रा’ म्हणत असेल, तर तुमच्या दहाच्या ग्रुपशी त्याची तुलनाच होत नाही.

आणि एकाच छर्‍याचे दहा-दहाचे दोन ग्रुपही एकमेकांपेक्षा वीस-तीस टक्क्यांनी सहज वेगळे येतात, काहीही बदललेलं नसताना. म्हणून पाच ग्रुपची सरासरी. त्या सरासरीतही अ १.६ आणि ब १.८ आला तर दोघं सारखेच समजा आणि जो मिळायला सोपा किंवा स्वस्त तो घ्या. अ १.६ आणि क २.७ आला तर क-चा विषय संपला. बहुतेक चाचण्यांत एखादा छर्रा असा साफ बाद होतो आणि दोन-तीन जण घोळक्याने वर राहतात. तेवढ्याने काम झालं.

वेगमापक

क्रोनोग्राफ असलाच पाहिजे असं नाही. मिळाला तर रायफलची तब्येत कळते. चांगल्या रेग्युलेटरची (दर फैरीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) मॅच रायफल दहा फैरींत दोन-तीन मीटर प्रति सेकंदाच्या आत राहते. याहून जास्त पसारा सगळ्याच छर्‍यांत दिसला तर दोष छर्‍यात नाही, रेग्युलेटर किंवा सीलमध्ये आहे, आणि चाचणी थांबवून रायफल सर्व्हिसला द्यायची. थोडा वेळ रायफल पडून राहिल्यावर पहिलीच फैर वेगात वेगळी येत असेल तर तेही लिहून ठेवा. मॅचमध्ये विश्रांतीनंतरच्या फैरीला ते नडतं.

प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ ट्यूबलाइटखाली वेडेवाकडे आकडे दाखवतो. खिडकीचा उजेड किंवा साधा पिवळा बल्ब वापरा.

डबी ठरल्यावर

त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या घेऊन ठेवा, वर्षभराचा हिशोब करून. लॉट संपला की तो परत मिळत नाही.

ठेवायच्या कशा, हा नाशकात पावसाळ्याचा प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर शिशावर पांढुरकी पूड धरते, त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांना तर फारच. डबी बंद, ती हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. लाकडी खोका आणि पुठ्ठा टाळा. त्यातून निघणाऱ्या आंबट वाफांनी शिसं लवकर खराब होतं. छर्रे धुऊ नका, कारखान्यातून आलेला पातळ थर हीच त्यांची राखण आहे. पांढरी पूड दिसलेली डबी वापरायची नाही आणि फुंकायची तर मुळीच नाही.

शिसं विषारी आहे. छर्रे तोंडात धरायची काही जुन्या लोकांची सवय आहे, ती मुलांना लागू देऊ नका. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. ट्रॅपभोवतीची जमीन झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. साठलेलं शिसं कचऱ्यात न टाकता बंद डब्यात जमवून शिशाच्या भंगारवाल्याला द्या.

शेवटची फेरी खांद्यावरून. निवडलेले दोन छर्रे घ्या, मित्राला ते तुमच्या नकळत दोन वाट्यांत भरायला सांगा, आणि कोणता कुठला हे माहीत नसताना प्रत्येकाच्या तीस-तीस फैरी मारा. फरक जाणवला नाही तर स्वस्तातला घ्या. बालेवाडीला किंवा आणखी कुठे स्पर्धेला जाताना सरावाच्या आणि मॅचच्या डब्या वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीने ओळखू येतील अशा ठेवा, साइटर फैरी (मॅचआधीच्या, गुण न धरलेल्या) मॅचच्याच डबीतून मारा. रेग्युलेटर बदलला, नळी बदलली किंवा नवा लॉट आणला की चाचणी पुन्हा, पण तेव्हा चार नाही, जुना एक आणि नवा एक एवढेच पुरतात. त्यासाठी जुन्या लॉटची एक डबी शेवटपर्यंत संपवू नका.